दहा अँपिअरचा संसार

२ एप्रिल

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. बोटीत आडवं पडायला तेवढी जागा नाही, तेव्हा बसल्या बसल्याच केला असं समज.

फोनवर तू ‘काय? काय?’ करतेस आणि मग माझ्यावरच चिडतेस, म्हणून पत्र लिहितोय. शिवाय विषय तुझ्या खात्यातला आहे. पस्तीस वर्षं तू वीज कंपनीच्या प्रयोगशाळेत लोकांची मीटरं तपासलीस, आता भावाची बोट तपास.

हकीकत अशी. बोटीत एसी बसवला. लहानसाच आहे, पलंगाखालच्या कपाटात मावतो. तो समुद्राच्या पाण्यावर थंड होतो. एक पंप बोटीच्या तळातून पाणी ओढतो, ते एसीतून फिरतं आणि बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. वीज येते धक्क्यावरच्या खांबातून. प्रत्येक बोटीसमोर एक खांब आणि आमच्या खांबात दहा अँपिअरचा एमसीबी. एसी लावला की कधी सुरळीत चालतो, कधी फट् करून एमसीबी पडतो. पडला की पंखा, फ्रिज, सगळंच बंद. तो परत वर करायचा तर पेटीला कुलूप आणि किल्ली धक्क्याच्या व्यवस्थापकाकडे. हा गृहस्थ दहाला येतो, एक ते तीन जेवतो, पाचला जातो. मधल्या वेळात मर्जी असली तर येऊन एक खटका वर करतो, आणि चेहरा असा करतो जणू स्वतःच्या अंगातली वीज आम्हाला काढून देतोय.

शेजारी एक तीन मजली पांढरी बोट आहे. तिच्या खांबाला बत्तीस अँपिअर. मालक वर्षातून दोनदा येतो. एसी मात्र बारा महिने चालू, रिकाम्या खुर्च्यांना घाम येऊ नये म्हणून. आम्हाला तसा खांब मागितला तर म्हणे, तुमच्या लांबीच्या बोटीला दहाच.

काय करावं ते कळव. टोमणे वेगळ्या कागदावर लिही, म्हणजे कामाचं पान जपून ठेवता येईल.

तुझा धाकटा भाऊ


९ एप्रिल

कप्तानसाहेबांस,

आशीर्वाद, जेवढे शिल्लक असतील तेवढे.

वेगळा कागद मिळणार नाही. तीस वर्षं तू शाळेत भूगोल शिकवलास. नकाशातल्या निळ्या भागाला काठी लावून लावून तुला वाटायला लागलं की आपल्याला समुद्रातलं कळतं. चांगला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकलास आणि अकरा मीटर लांबीचा पत्र्याचा डबा घेतलास. तेव्हा माझं मत कुणी विचारलं नाही. आता डब्यात उकडायला लागलं तर ताई आठवली.

आणि एसी कुणाला हवाय तेही कळतं मला. तू उन्हाळाभर गच्चीवर उघडाबंब झोपणारा. तुझ्या बायकोला मात्र पहिल्यापासून पंख्याखालचीच खुर्ची लागते. टेलिफोन एक्स्चेंजच्या गार खोलीत बसून ‘लाइन व्यस्त आहे’ म्हणण्यात जन्म गेला, आता घाम कसा सोसायचा.

कामाचं सांगते. बोटीत आणखी काय काय आहे ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे बरंच काही आहे. इलेक्ट्रिक किटली असणार, आठ अँपिअर. अंघोळीचा गीझर, पाच. बॅटरीचा चार्जर, चार. फ्रिज आणि दिवे मिळून एक. एसी चालताना सहा खातो, पण चालू होताना क्षणभर त्याच्या चौपट ओढतो. एसी चालू असताना तू चहा टाकलास की चौदा होतात. खांब दहाचा. तो पडतो, कारण त्याला बेरीज येते.

एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवून घे, म्हणजे सुरुवातीचा झटका कमी होईल. खांबापासून बोटीपर्यंतची केबल रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगड, गुंडाळलेली केबल तापते. माझं जुनं क्लॅम्प मीटर पार्सलनं पाठवते आहे. त्याचा जबडा तारेभोवती धरायचा आणि आकडा वाचायचा. एवढं जमावं.

आणि बाबांचा नियम आठव. घरात एकच फ्यूज, तोही नाजूक. इस्त्री, शेगडी, पाण्याचा रॉड, तिन्हीतलं एका वेळी एकच. म्हणून बाबांनी कपडे वाळत घालायचा एक चिमटा लाल रंगवून स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लावला होता. काही लावायचं तर आधी चिमटा घ्यायचा, खिशाला नाहीतर पदराला लावायचा, काम झालं की परत खिळ्यावर. चिमटा जागेवर नाही, याचा अर्थ कुठेतरी काहीतरी चालू आहे आणि दुसऱ्यानं बटणाला हात लावायचा नाही. अकरा वर्षांत फ्यूज दोनदा उडाला, आणि दोन्ही वेळा तू होतास.

आईचं उदाहरण घे. मी एकदा चिमटा कॉलेजच्या पिशवीला लावून तशीच निघून गेले. कडाक्याची थंडी होती. आईनं दिवसभर शेगडी लावली नाही. संध्याकाळी येऊन बघते तर दोन स्वेटर घालून बसलेली. मला म्हणाली, चिमटा नव्हता ना. कार्यालयात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगायचे. शिस्त म्हणतात ती ही. तुझ्या बायकोला जमते का बघ.

ताई


१७ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. टोमणे गाळून वाचत होतो, तर म्हणाली, मधली वाक्यं कुठे गेली, तुमचा आवाज उडी मारतोय. मग सगळं वाचावं लागलं. आईची गोष्ट तिनं दोनदा वाचायला लावली.

तुझं मीटर बिघडलंय. केबलभोवती धरलं तर शून्य दाखवतं. एसी चालू, किटली चालू, तरी शून्य. तुझ्या प्रयोगशाळेतली मीटरं अशीच असतील तर लोकांची बिलं कशी निघत होती ते आता कळलं.

बाकी एक गोष्ट सांगायची राहिली होती. राहिली होती म्हणजे मी सांगितली नव्हती. हिला दोन वर्षांपासून नसांचं दुखणं आहे. थंडाव्यात ठीक असते. काठी घेऊन धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन येते. पण अंग तापलं की पायातली ताकद जाते, डोळ्यांपुढे सगळं पुसट होतं. दरवेळी गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून खोली पंचवीस अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. तुला कळवलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला तोंडपाठ होतं, आणि पंख्याखालच्या खुर्चीबद्दलचं तुझं वाक्य वाचून पाठांतर बरोबर होतं याची खात्री पटली.

तेव्हा हा एसी चैनीचा नाही. आणि व्यवस्थापकानं परवा एक कागद आणून दिला. एप्रिलात दोनदा एमसीबी पडला, तिसऱ्यांदा पडला तर या मोसमापुरती आम्हाला एसी लावायला बंदी. खाली सही करा म्हणाला. पेनसुद्धा माझंच घेतलं, परत दिलं नाही.

हिचं एक म्हणणं आहे, तेही कळवतो. एसीचं पाणी बाहेर पडतं ते भोक बरोबर हिच्या उशाशी आहे. ही म्हणते, पहिल्या आठवड्यात घागर ओतल्यासारखं भदाभदा पडायचं, आता अर्धवट बंद केलेल्या नळासारखं पडतं. याचा काही संबंध असेल का?

तुझा भाऊ


२४ एप्रिल

कप्तानसाहेबांस, आशीर्वाद.

मीटर बिघडलेलं नाही, ते धरणारा हात बिघडलेला आहे. तू अख्खी केबल जबड्यात धरलीस. जाणारी आणि परत येणारी, दोन्ही तारा एकत्र धरल्या की त्या एकमेकींना पुसून टाकतात आणि मीटर इमानदारीनं शून्य दाखवतं. बोटीतली पेटी एखाद्या जाणत्या माणसाकडून उघडून घे आणि एकच तार धर. मी प्रयोगशाळेत असताना ही चूक करणाऱ्याला आठवडाभर फायली पुसायला लावत असे.

दुखण्याचं वाचून वाईट वाटलं. उकाड्यानं पाय जातात असं मी कधी ऐकलं नव्हतं. अर्थात हल्ली मला बरंच काही ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणालेत तर असेल. पण मग माणसानं अशा बाईला घेऊन जमिनीवर राहावं की पत्र्याच्या डब्यात, हा प्रश्न तुला सुचला कसा नाही? हौस तुझी, आणि शिजतेय ती.

पाण्याच्या आवाजाबद्दल. वीज कानानं मोजत नाहीत. तसं असतं तर मला कंपनीनं केव्हाच घरी बसवलं असतं. पंप फिरतोय ना, पाणी पडतंय ना, मग झालं. ते घागरीसारखं पडतं की नळासारखं, हे तिला वहीत लिहून ठेवू दे, वेळ बरा जाईल.

व्यवस्थापकाच्या कागदाला घाबरू नकोस. शिस्तीत राहिलास तर तिसऱ्यांदा पडणार नाही. सोबत बाबांचा चिमटा पाठवते आहे. हो, तोच. घर रिकामं करताना मी ठेवून घेतला होता. रंग उडालाय, स्प्रिंग अजून घट्ट आहे. नियम तोच आणि सगळ्यांना सारखा. एसी, किटली, गीझर, चार्जर, ज्याला चिमटा त्यालाच वीज. एसी चालू असेल तेव्हा चिमटा तुझ्या बायकोकडे. तुला चहा हवा, तर आधी तिच्याकडून चिमटा घे, एसी बंद कर, चहा कर, किटली बंद कर, चिमटा परत दे, एसी लाव. लाडक्यांना सूट नाही. आईला जमलं ते इतरांना जमायला हरकत नसावी.

ताई


६ मे

ती. ताईस,

नमस्कार. घे, फुशारकी मारायला तुला निमित्त देतो. सॉफ्ट स्टार्टर बसवला, केबल उलगडली, चिमटा लागू झाला. तेव्हापासून एमसीबी एकदाही पडलेला नाही. व्यवस्थापक रोज चक्कर मारून खांबाकडे बघतो आणि हिरमुसला होऊन परत जातो.

मीटरनं आकडेही घेतले, एकाच तारेचे. एसी एकटा चालू असताना २७ एप्रिलला सहा अँपिअर, १ मेला साडेसहा, काल सात. बरोबर आहेत ना?

ही चिमटा उशीच्या अभ्र्याला लावून ठेवते. चहासाठी मला तो हात जोडून मागावा लागतो. कालच्या चहाला म्हणाली, “सकाळपासून तिसरा. भूगोलाच्या मास्तरांना एवढी तहान कशाची?” पण नियमाला इतकी पक्की आहे की मीच थक्क झालो. परवा मी किटली बंद केली आणि चिमटा द्यायला विसरलो, तर बटण हाताशी असून एसी लावला नाही. मला हाक मारून चिमटा मागून घेतला. वर म्हणते, “वन्संना कळवा, सासूबाईंइतकं नाही, पण जमतंय.”

पाण्याचा आवाज आणखी बारीक झालाय म्हणते. मी म्हटलं, ताईनं सांगितलंय तसं वहीत लिही. तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी उठून बाहेर गेलो.

तुझा भाऊ


१२ मे

चि. भावास, आशीर्वाद.

बघ, साधा लाकडी चिमटा. तुमच्या त्या पांढऱ्या बोटवाल्याकडे बत्तीस अँपिअर असतील, अक्कल नाही.

सातचा आकडा पाहिला. उन्हाळा चढला की अँपिअर चढणारच, त्यात विचारण्यासारखं काही नाही. तुझ्या बायकोचं मात्र कौतुक वाटलं, हे तिला सांगायला हरकत नाही. फार फुगवून सांगू नकोस.

ताई


२९ मे

कप्तानसाहेबांस,

सतरा दिवस झाले. पत्र नाही, एक ओळ नाही. काम झालं, आता ताईची काय गरज. असाच आहेस तू पहिल्यापासून. इस्त्री झाली की चिमटा टाकून पळायचास.

फोन केला होता. कुणीतरी उचलला, काहीतरी बोललं आणि ठेवला. मला दोनच शब्द कळले, ‘आत नाही’. कुणाबद्दल ते कळलं नाही. एक कार्ड टाकायला काय होतं?

ताई


३ जून

ती. वन्संना,

नमस्कार. हे पत्र मी लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे, त्याला बोटीचं हलणं कारण नाही. यांनी तीन वेळा पत्र लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा फाडलं. बोटीत केराची टोपली एकच आणि ती भरली, म्हणून मी हातात घेतलं.

१५ मेला सकाळी यांनी माझ्याकडून चिमटा घेतला, एसी बंद केला आणि चहा केला. मग माझ्या औषधांसाठी दवाखान्याची बस गाठायची म्हणून घाईनं निघाले. चिमटा शर्टाच्या खिशाला. बोट डुलली तेव्हाच मला कळलं, माणूस उतरला आणि चिमटाही उतरला.

बटण माझ्या हातापासून वीतभर होतं. तुम्ही म्हणाल, मग लावायचं की. पण नियम तुमचाच आहे. चिमटा जागेवर नाही, म्हणजे कुठेतरी काहीतरी चालू आहे. यांना बाहेरून आल्यावर अंघोळ लागते, तेव्हा जाताना गीझर लावून गेले असले तर? त्याचं बटण मागच्या बाजूला, तीन पायऱ्या वर. मी एसी लावला असता आणि एमसीबी पडला असता, तर ती तिसरी वेळ. मग अख्खा उन्हाळा एसी नाही. मी हिशेब केला की एक सकाळ काढावी आणि उन्हाळा वाचवावा. यांना फोन केला, तो वरच्या फळीवर चार्जिंगला वाजला. व्यवस्थापकाच्या कार्यालयात केला, दहा वाजले नव्हते, साहेब आले नव्हते. तीस वर्षं जगाचे फोन जोडून दिले, आणि त्या दिवशी मला एक लागला नाही.

खरं लिहायचं तर हिशेब अर्धाच होता. उरलेला अर्धा तुमच्या आईंचा होता. दोन स्वेटर घालून बसलेल्या सासूबाई आणि ‘तुझ्या बायकोला जमते का बघ’ हे वाक्य, दोन्ही डोक्यात होती. मी मनाशी म्हटलं, बघाच आता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी एवढं मूर्खासारखं काही केलं नव्हतं.

अकराला पाय गेले. त्यानंतर हात लांब करून बटण लावायचं ठरवलं, नियम गेला खड्ड्यात म्हटलं, तर हातही उचलेना. मग बटण दिसेनासं झालं. आवाज तेवढे येत होते. शेजारच्या रिकाम्या बोटीच्या एसीचं पाणी छान भदाभदा पडत होतं. हे चार वाजता आले. गीझर बंदच होता.

अकरा दिवस इस्पितळात होते. यांचा फोन तिथल्या आयाबाईंनी उचलला होता. मला तपासणीला नेलं होतं, म्हणून त्या म्हणाल्या, आत नाहीत. डोळे परत आले. डावा पाय परत आला. उजवा अजून विचार करतोय. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू. मी त्यांना म्हटलं, थांबायची मला सवय आहे, ‘लाइन व्यस्त आहे’ म्हणण्यात जन्म गेलाय. ते वाक्य तुमचं, पण बरं आहे म्हणून वापरलं.

आता दुसरी गोष्ट. घरी आल्यावर एसी साडेसातवर गेला आणि धापा टाकायला लागला. पाणी बाहेर पडताना फक्त टिपटिप आवाज. मी यांना म्हटलं, पंपाच्या आधी पाणी गाळायची जाळी असेल ती उघडा. हे म्हणाले, “ताईनं सांगितलंय, पंप फिरतोय तोवर काळजी नाही.” मी म्हटलं, “तुमची ताई माझ्या उशाशी झोपत नाही.” उघडली. मूठभर शेवाळ, प्लॅस्टिकचा एक तुकडा आणि एक जिवंत खेकडा निघाला. खेकडा यांना चावला, त्याचं मला वाईट वाटलं नाही. जाळी धुऊन बसवली आणि आकडा पावणेसहा आला. पाणी पुन्हा घागरीसारखं पडतंय. मी हे १७ एप्रिलच्या पत्रात सांगितलं होतं. पत्र यांचं होतं, पण कान माझे होते.

आणखी एक. बोटीची हौस यांची नाही. तीन जिने मला चढवत नव्हते. फ्लॅट विकायचं मी म्हटलं, बोट मीच पाहिली, धक्क्यावरून टाकलेल्या फळीवरून दोन पावलांत आत येता येतं म्हणून. तुम्ही गेली दोन वर्षं यांना बोलताय आणि हे निमूट ऐकून घेताहेत, कारण मला बोललेलं यांना चालत नाही. मला चालतं. यापुढे थेट बोलत जा.

हे चिमटा समुद्रात टाकायला निघाले होते. मी टाकू दिला नाही. लाकडाची त्यात काय चूक? नियम मात्र मी बदलला आहे. एसीला आता चिमटा लागत नाही, तो चालूच असतो. चिमटा माझ्या उशाला. बाकी कुणाला काहीही लावायचं असेल तर मला विचारायचं. मी स्वतः एसी बंद करते, घड्याळ लावून चार मिनिटं देते आणि स्वतः चालू करते.

राग आला असेल तर येऊ दे. मला लिहायला पाच दिवस लागलेत, तुम्ही वाचायला थोडा वेळ घ्या.

तुमची भावजय


१० जून

तुला पत्र लिहायची सवय नाही. मायना सुचेना, म्हणून सरळ सुरुवात करते.

पाण्यावर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राचे अँपिअर चढत गेले की पहिला प्रश्न विचारायचा, जाळी साफ केली का. हे मी स्वतः शिकवत आले. सहा, साडेसहा, सात, असे आकडे ओळीनं माझ्यासमोर मांडले होते, आणि पाणी कमी झालंय हे तू तीन आठवडे आधीच सांगितलं होतंस. मी त्यावर विनोद केले. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला फायली पुसायला लावून थांबले नसते, घरी पाठवलं असतं. मला घरी पाठवायला कुणी नाही, मी घरीच असते.

नियमही चुकीचा होता. जे बंद पडून चालणार नाही, ते चिमट्यावर ठेवायचंच नसतं. इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीची वीज कुणी चिमट्यावर ठेवतं का? तू दोन ओळींत नीट केलंस. पस्तीस वर्षांच्या माझ्या अनुभवाचं तू काय करायचं ते तूच ठरव, मला तर तो सध्या केराच्या टोपलीत टाकावासा वाटतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. आईच्या गोष्टीतलं मी एक नेहमी गाळत आले. त्या थंडीनंतर ती महिनाभर खोकत होती. शेगडीचं बटण तिच्याही हाताशी होतं. तिला माहीत होतं की मी चिमटा घेऊन गेले आहे आणि घरात काहीही चालू नाही. तरी लावली नाही. कारण संध्याकाळी मी आल्यावर विचारलं असतं, चिमट्याशिवाय कशी लावलीस? सतरा वर्षांची होते मी, आणि माझी आई मला भीत होती. ही गोष्ट मी पन्नास वर्षं शिस्त म्हणून सांगत फिरले. लोक माना डोलवायचे. तू मात्र ती ऐकलीस आणि तिच्यासारखी पडून राहिलीस.

तुझ्या उजव्या पायाबद्दल मी काही लिहीत नाही. लिहिलेलं सगळं खोटं वाटेल.

परवा कानांच्या डॉक्टरकडे गेले होते. भाऊ सात वर्षं सांगत होता. यंत्र मिळालं. घरी येऊन कानात घातलं तर टक टक असं काहीतरी ऐकू यायला लागलं. घरभर शोधलं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. शेजारीण म्हणाली, तो कायमच ठिबकतो, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

वीस तारखेला मी येते आहे. भावाला सांग, स्टेशनवर न्यायला येऊ नकोस, तू एसीपाशी थांब. माझं सामान एक पिशवी आणि एक जादा जाळी, म्हणजे एक धुताना दुसरी बसवता येईल. तुमच्या त्या व्यवस्थापकाशीही बोलायचं आहे. बत्तीस अँपिअरच्या रिकाम्या बोटीशेजारी आजारी माणसाला दहा कुठल्या नियमानं देतो, ते त्याच्या तोंडून ऐकायचंय. आता ऐकू येतं.

आल्यावर तुझ्या उशाशी बसू दे. ते पाणी कसं पडतं ते मला ओळखायला शिकव. प्रवासानं दमलेली असेन, आल्या आल्या चहा लागेल. पण मी तुझ्याकडे चिमटा मागीन, आणि तू आता नको म्हणालीस तर गार पाणी पिऊन गप्प बसेन.

ताई